दुसरीत शाळा सोडणाऱ्या मुलाचा हिशेब

१९५९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्काराचं दुसरंच वर्ष होतं. त्या वर्षी शासकीय सेवेचा पुरस्कार दोघांना मिळाला. एक आपले चिंतामणराव देशमुख. रायगडातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून आलेले. त्यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. दुसरे होते होसे वास्केस आगिलार. फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांताचे माजी शिक्षणाधिकारी. हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, आणि खुद्द फिलिपिन्समध्येही शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे ते फारसं घेतलं जात नाही.

मॅगसेसे विजेत्यांच्या यादीत देशमुखांच्या शेजारी हे नाव दिसलं, म्हणून मी आगिलारांकडे वळलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की या माणसाचं पूर्ण चरित्र सांगण्यापेक्षा त्याने चालवलेल्या एका प्रयोगाची हकीकत सांगितली, तर तो जास्त चांगला कळेल. प्रयोग साधा होता: पहिली-दुसरीच्या मुलांना घरच्या भाषेत शिकवायचं आणि काय होतं ते मोजायचं. मात्र १९४८ सालच्या फिलिपिन्समध्ये हे साधं नव्हतं.

इंग्रजीचा वारसा

स्पेनच्या हातून फिलिपिन्स अमेरिकेकडे गेलं १८९८ मध्ये. जानेवारी १९०१ च्या ७४ क्रमांकाच्या कायद्याने अमेरिकनांनी तिथे सार्वजनिक शाळा उभ्या केल्या आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी ठरवली. त्याच ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. त्यांना इथली एकही भाषा येत नव्हती, आणि इथे सगळ्यांना समजेल अशी एक भाषा नव्हती. सोय म्हणून इंग्रजी आली आणि बघता बघता तीच प्रतिष्ठेची झाली. सरकारी नोकरी, वकिली, शिक्षकी, सगळ्याची वाट तिच्यातूनच जायची.

शंका घेणारे होतेच. नजीब सलीबी या लेबनीज-अमेरिकन डॉक्टरने १९२४ मध्येच लिहून ठेवलं होतं की सामान्य लोकांचं शिक्षण त्यांच्या भाषांतूनच होऊ शकतं. पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल मन्रो यांच्या समितीने साऱ्या शाळा तपासल्या आणि परक्या भाषेचं ओझं हीच मोठी अडचण असल्याचं मान्य केलं. शिफारस मात्र इंग्रजी चालू ठेवण्याचीच केली. रोग ओळखायचा आणि औषध जुनंच द्यायचं, असा हा प्रकार. १९३१ मध्ये व्हाइस-गव्हर्नर जॉर्ज ब्यूट यांनी प्राथमिक शाळांत स्थानिक भाषा आणायची जाहीर मागणी केली, तीही हवेत विरली. १९३९ मध्ये शिक्षणमंत्री होर्हे बोकोबो यांनी एवढीच मुभा दिली की अडलं तर शिक्षकाने स्थानिक बोलीचा आधार घ्यावा. आधार घ्यायचा, पण धडा इंग्रजीतच चालवायचा.

त्यात १९३५ च्या राज्यघटनेने एका राष्ट्रभाषेची कल्पना आणली, १९३७ मध्ये तिचा पाया म्हणून टागालोग निवडली गेली आणि १९४० पासून ती शाळेत विषय झाली. पनाय बेटावरच्या इलोइलोतल्या मुलाची अवस्था आता बघा. घरी हिलिगायनॉन, म्हणजे त्या भागाची भाषा. वर्गात इंग्रजी. वेळापत्रकात टागालोग, जी त्याच्या आजीने कधी ऐकलेली नव्हती.

इलोइलो, युद्धानंतर

जपानी फौजा एप्रिल १९४२ मध्ये पनायवर उतरल्या, आणि अमेरिकन परतले मार्च १९४५ मध्ये. मधल्या तीन वर्षांत शाळा बंद, जळालेल्या किंवा छावण्या झालेल्या. जुलै १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. मुलं भरपूर होती, पण इमारती नव्हत्या, पुस्तकं नव्हती, पैसा नव्हता. अशा प्रांताचं शिक्षणखातं आगिलारांच्या हाती होतं. त्यांचं पद डिव्हिजन सुपरिटेंडेंटचं. आपल्याकडच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यासारखंच: जबाबदारी साऱ्या प्रांताची, पण अभ्यासक्रम, पुस्तकं आणि भाषा ठरणार मनिलातल्या शिक्षण ब्यूरोत.

आगिलार स्वतः अमेरिकी राजवटीतल्या इंग्रजी शाळांतून वर आलेले. इंग्रजीचा राग धरायचं त्यांना काही कारण नव्हतं, आणि त्यांनी तो कधी धरलाही नाही. त्यांना खटकत होता तो आकड्यांचा साधा हिशेब.

१९४० च्या शिक्षण कायद्याने सातवी काढून टाकली होती आणि गर्दी मावावी म्हणून शाळा अर्ध्या दिवसाच्या पाळ्यांत चालायच्या. गावातली पुष्कळ मुलं दुसरी, तिसरी, फार तर चौथीपर्यंत टिकायची. मग भातशेती, उसाचे मळे, धाकट्या भावंडांना सांभाळणं. अशा मुलाने दोन-तीन वर्षं इंग्रजीत काढली. त्याच्या हाती काय लागलं? इंग्रजी आली नाही, कारण तेवढ्या वेळात ती येत नाही. वाचन आलं नाही, कारण वाचायला शिकवलं ते न कळणाऱ्या भाषेत. गणित तोंडपाठ, पण अर्थाविना. दोन वर्षांत हे सगळं पुसलंही जायचं. सरकारच्या दप्तरी मात्र मूल शाळेत गेलं होतं.

आगिलारांचा प्रश्न इथून सुरू होतो. नोकरीसाठी, कॉलेजसाठी इंग्रजी हवी, हे त्यांना मान्यच होतं. ते विचारत होते ते वाटेत गळणाऱ्या मुलाबद्दल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच आहे, आणि पुढे सत्तर वर्षं चाललेल्या वादात ती वारंवार हरवते.

सांता बार्बारातले वर्ग

प्रयोगाची जागा सांता बार्बारा. इलोइलो शहरापासून आत असलेलं हे गाव फिलिपिनो इतिहासात आधीच नोंदलेलं आहे: नोव्हेंबर १८९८ मध्ये जनरल मार्तिन देल्गादो यांनी इथेच स्पेनविरुद्ध उठावाचं निशाण फडकवलं. पन्नास वर्षांनी इथल्या शाळांत तुलनेने शांत बंड सुरू झालं. १९४८ ते १९५४ अशी सहा शैक्षणिक वर्षं वर्गांचे दोन गट शेजारी शेजारी चालले. एका गटात नेहमीप्रमाणे पहिलीपासून इंग्रजी. दुसऱ्या गटात पहिली-दुसरीचं सगळं शिक्षण हिलिगायनॉनमधून, आणि तिसरीपासून माध्यम इंग्रजी.

यात चतुराई अशी की आगिलारांनी इंग्रजीला हात लावला नाही, तिची जागा फक्त दोन वर्षं पुढे सरकवली. मातृभाषा आणि इंग्रजी यांची झुंज लावून दिली असती, तर मनिलाची परवानगीही मिळाली नसती आणि पालकांनी मुलंही पाठवली नसती. क्रम बदलला म्हटल्यावर फारसं कुणी बिथरलं नाही.

वर्गात नेमकं काय बदललं ते अक्षरांच्या पातळीवर पाहावं लागतं. हिलिगायनॉन रोमन लिपीत लिहितात आणि बहुतेक ठिकाणी जसं लिहिलं तसंच वाचतात. घराला ‘बालाय’, पाण्याला ‘तुबिग’. मुलाने अक्षरं जोडली की आवाज तयार होतो, आणि तो आवाज त्याने जन्मापासून ऐकलेला असतो, म्हणून अर्थ आपोआप येतो. लिहिलेल्या खुणांमधून बोलणं बाहेर पडतं, ही वाचनातली सगळ्यांत मोठी गोष्ट त्याला काही महिन्यांत उमगते. आता हेच मूल इंग्रजी ‘हाउस’समोर बसवा. एच-ओ-यू-एस-ई यातली निम्मी अक्षरं आवाजाशी इमान राखत नाहीत, आणि इतकं करून आलेला शब्द मुलाच्या ओळखीचा नसतोच. त्याला एकाच वेळी लिपी, वाचन आणि परकी भाषा अशी तीन कामं करायची असतात. हुशार मूल पाठांतरावर निभावून नेतं, बाकीची मागच्या बाकावर गप्प बसतात.

रोमन लिपी दोन्ही भाषांना समान असल्याचाही फायदा झाला. हिलिगायनॉन वाचायला शिकलेलं मूल तिसरीत इंग्रजीकडे गेलं तेव्हा वाचणं त्याला नव्याने शिकावं लागलं नाही, फक्त नवे शब्द आणि त्यांचं विचित्र स्पेलिंग शिकावं लागलं.

शाळेच्या भिंतीबाहेर

भाषेचा भाग लोकांच्या लक्षात राहतो, कारण त्याचे आकडे निघाले. पण आगिलारांना पुरस्कार मिळाला तो जास्त करून दुसऱ्या भागासाठी. त्यांनी त्याला म्हटलं सामुदायिक शाळा.

गावाचे छोटे छोटे भाग पाडायचे, शेजारच्या काही घरांचा एक ‘पुरोक’. प्रत्येक पुरोकने आपले पुढारी निवडायचे. प्रत्येकात एक वाचनकट्टा, म्हणजे बहुधा बांबू आणि निपाच्या पानांची छोटी झोपडी, भिंतीवर वर्तमानपत्रं, सूचना, कधी मुलांनी लिहिलेला मजकूर. परसबाग, सांडपाण्याचा खड्डा, शौचालय, कोंबड्या, प्रौढांचे वर्ग, सगळं या पुरोकांतून. शिक्षक दुपारनंतर गावात फिरायचे. गावातल्या अडचणी हाच वर्गातला अभ्यास: पाणी कुठून येतं, हिवताप का होतो, तांदळाचा हिशेब कसा मांडायचा.

हे वाचताना आपल्या मनात श्रमदान आणि ग्रामस्वच्छतेची चित्रं येतात, आणि थोडा संशयही येतो. शिक्षकावर अख्ख्या गावाचा विकास टाकायचा, पगार मात्र तोच ठेवायचा, हा प्रकार काय असतो ते आपण जाणतो. सामुदायिक शाळेवर फिलिपिन्समध्येही पुढे हाच आक्षेप आला: शिक्षक कुंपणं घालण्यात दमतो आणि धडे मागे पडतात. आक्षेपात तथ्य आहे. पण आगिलारांच्या योजनेत भाषा आणि गाव हे दोन वेगळे कार्यक्रम नव्हतेच. आई-वडिलांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लिहायचं, तर शाळेलाही तीच भाषा वापरावी लागणार. मुलाने शाळेत शिकलेलं घरी सांगायचं, तर ते घरच्या शब्दांत हवं. इंग्रजीतली शाळा गावात बांधली तरी गावाबाहेरचीच राहते, हे त्यांना युद्धोत्तर इलोइलोत रोज दिसत होतं. मनिलातल्या अधिकाऱ्यांनी पुढे या दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या उचलल्या. माझ्या मते तिथेच निम्मा घोटाळा झाला.

निकाल

पहिल्या दोन वर्षांत हिलिगायनॉन गट वाचन, गणित आणि समाजशास्त्रात स्पष्टपणे पुढे होता. यात नवल नाही, समजणाऱ्या भाषेत शिकवलं तर समजणारच. खरी परीक्षा होती तिसरीची. आता दोन्ही गट इंग्रजीतून शिकत होते, आणि एका गटाला इंग्रजी माध्यमाची दोन वर्षं जास्त मिळाली होती. तिसरी संपेपर्यंत उशिरा सुरुवात केलेल्या मुलांनी इंग्रजीतलं अंतर भरून काढलं, आणि समाजशास्त्रासारख्या विषयात तर आघाडी राखली. शिक्षकांच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट आली: ही मुलं वर्गात जास्त बोलती, जास्त धीट होती. ज्याला बोलता येतं ते मूल बोलतं. पण ती नोंद कुणीतरी करावी लागते.

मी या निकालांकडे थोडं सावधपणेच पाहतो. प्रयोगाच्या वर्गांवर साहेबांचं लक्ष असतं, शिक्षक उत्साहात असतात, नवेपणाचा जोर असतो. तरीही तिसरीचा निकाल असा सहज झटकता येत नाही. दोन वर्षांचं इंग्रजी माध्यम एवढं मोलाचं असतं, तर त्याचा फायदा वर्षभरात पुसला जायला नको होता.

बाहेरचं वारंही अनुकूल होतं. युनेस्कोचं शिक्षण-शिष्टमंडळ १९४९ मध्ये फिलिपिन्सची पाहणी करून गेलं. युनेस्कोने १९५१ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांची बैठक घेतली आणि १९५३ मध्ये तिचा अहवाल छापला, ज्यात मूल शिकवायची सर्वांत योग्य भाषा म्हणजे त्याची मातृभाषा, हे जणू स्वयंसिद्ध म्हणून मांडलं होतं. इलोइलोचे आकडे यासाठी अगदी वेळेवर हाती आले.

मनिला उचलते

१९५७ मध्ये सुधारित शिक्षण कार्यक्रम आला. पहिली-दुसरीत स्थानिक भाषा, तिसरीपासून इंग्रजी, राष्ट्रभाषा विषय म्हणून. आठ भाषा निवडल्या: टागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनॉन, बिकोल, समार-लेयते, पाम्पांगो आणि पांगासिनान. एका प्रांताच्या सुपरिटेंडेंटने सुरू केलेली गोष्ट दहा वर्षांच्या आत देशाचं धोरण झाली. दोन वर्षांनी मॅगसेसे. आगिलार फिलिपिन्स विद्यापीठाच्या शिक्षण महाविद्यालयाचे डीनही होते.

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल, पण पुढचा भाग जास्त बोलका आहे.

सांता बार्बारात शिक्षकांना सामग्री स्वतः तयार करावी लागली होती, आणि त्यांनी ती केली, कारण त्यांच्या मागे एक अधिकारी उभा होता. देशभर आठ भाषांत वाचनपुस्तकं, गणिताचे शब्द, शिक्षकांचं प्रशिक्षण हवं होतं. शिक्षक सगळे इंग्रजीतच घडलेले. आपल्या मातृभाषेत भागाकार शिकवायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुरोक, वाचनकट्टे, गावाशी जोडणं हे कागदावर राहिलं. उरली फक्त भाषेची अट.

शिवाय पालक. पालकांचा हिशेब सरळ होता आणि त्याला मूर्खपणा म्हणायची माझी तयारी नाही. मनिलात नोकरी इंग्रजीने मिळते, जहाजावर काम इंग्रजीने मिळतं, मग पोराला दोन वर्षं घरचीच भाषा कशाला? आगिलार गळणाऱ्या मुलाचा विचार करत होते. आई-बापाला मात्र आपलं मूल गळणारं आहे असं कधीच वाटत नसतं.

रिझाल प्रांताचं उलट उत्तर

१९६० ते १९६६ या काळात मनिलाला लागून असलेल्या, टागालोगभाषक रिझाल प्रांतात दुसरा मोठा प्रयोग झाला. इंग्रजी माध्यम पहिलीपासून, तिसरीपासून आणि पाचवीपासून असे गट करून तुलना केली. निष्कर्ष: इंग्रजीचं प्रावीण्य हे ती किती वर्षं माध्यम होती याच्या प्रमाणात वाढतं. टागालोगच्या साक्षरतेबाबत मात्र असा ठळक संबंध दिसला नाही. इंग्रजीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हवा तो पुरावा मिळाला.

मग खरं काय? दोन्ही. इलोइलोने विचारलं होतं, लहान मूल लवकरात लवकर वाचायला, समजायला कसं लागेल आणि पुढची इंग्रजी त्यात बुडेल का? रिझालने विचारलं, प्राथमिक शाळेच्या अखेरीला कुणाची इंग्रजी जास्त चांगली? शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहेच. पण दुसरी-तिसरीत घरी गेलेलं मूल सहावीच्या परीक्षेला बसतच नाही. त्याचा निकाल त्या तक्त्यात दिसणार कुठून? दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांसमोर ठेवून भांडायचं, असं नंतरच्या चर्चेत वारंवार होत राहिलं.

१९७४ च्या द्विभाषिक धोरणाने गणित-विज्ञान इंग्रजीत, उरलेले विषय राष्ट्रभाषेत अशी वाटणी केली. हिलिगायनॉनसारख्या भाषा पुन्हा आधाराच्या जागी गेल्या. इलोइलोच्या मुलासाठी याचा अर्थ असा की आता एकाऐवजी दोन परक्या भाषा.

पुन्हा एकदा, आणि पुन्हा परत

२००९ मध्ये शिक्षण विभागाने मातृभाषेवर आधारित बहुभाषिक शिक्षणाचा आदेश काढला, आणि २०१३ च्या कायद्याने बालवर्गापासून तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम झाली. आधी बारा भाषा, मग एकोणीस. वाढवलेल्या सातांत एक होती किनाराय-आ.

ही भाषा मला मुद्दाम सांगायची आहे. इलोइलो प्रांताच्या आतल्या भागात, सांता बार्बाराच्या परिसरातसुद्धा, पुष्कळ घरांत हिलिगायनॉनच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी किनाराय-आ बोलतात. दोन्ही जवळच्या भाषा आहेत, पण एक नाहीत. १९४८ मध्ये ‘मातृभाषा’ म्हणून वर्गात आलेली हिलिगायनॉन ही काही मुलांच्या घरची नव्हे, तर बाजाराची, चर्चची, शहराची भाषा असणार. हे आगिलारांच्या प्रयोगातलं वैगुण्य म्हणा किंवा तडजोड. एका गावात किती भाषांची पुस्तकं काढायची, या प्रश्नाला त्यांनी एकच असं उत्तर दिलं, आणि इंग्रजीपेक्षा ती एक नक्कीच जवळची होती. किनाराय-आला वर्गात स्वतःचं नाव मिळायला साठहून जास्त वर्षं लागली.

आणि मिळाल्यावर दशकभरातच धोरण उलटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये १२०२७ क्रमांकाचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीविनाच अमलात आला. त्याने मातृभाषा माध्यमाची सक्ती काढून टाकली. माध्यम पुन्हा फिलिपिनो (टागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी, प्रादेशिक भाषा आधाराला. कारणं १९६० च्या दशकातलीच: पुस्तकं नाहीत, शिक्षक तयार नाहीत, एका वर्गात अनेक भाषांची मुलं, पालकांना इंग्रजी हवी.

कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. वर्गातली सगळी मुलं एकाच मातृभाषेची असतील तर ती भाषा वापरता येईल. त्यासाठी तिची अधिकृत लेखनपद्धती हवी, शब्दसंग्रहाची नोंद हवी, साहित्य, व्याकरण आणि शब्दकोश हवा, आणि त्या भाषेत शिकवायला प्रशिक्षित शिक्षक हवेत. हिलिगायनॉनकडे कोश आणि साहित्य १९४८ मध्येही होतं. तेव्हा हाच कायदा असता, तर आगिलारांचे वर्ग पहिल्या आणि शेवटच्या अटीवर अडले असते: वर्गात एकच भाषा नव्हती, आणि प्रशिक्षित शिक्षक तर तो प्रयोग चालवता चालवताच तयार होत होते.